संघराज्य पद्धतीचे फायदे-तोटे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्र आणि राज्य यांच्यातला एखादा वाद पेटला की तेच तेच प्रश्न आमच्याकडे पुन्हा येतात. विचारणारे कधी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे असतात, कधी गावपातळीवरचे कार्यकर्ते, तर कधी परदेशात राहून इथल्या बातम्या वाचणारे. त्यातले नेहमीचे प्रश्न निवडून इथे उत्तरं दिली आहेत. उदाहरणं भारतातली आहेत, आणि जमेल तिथे महाराष्ट्र-गोव्यातली. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. संघराज्य म्हणजे नेमकं काय? पुस्तकी व्याख्या नको.

एकाच नागरिकावर दोन सरकारं असतात, दोघांचे अधिकार घटनेने लिहून दिलेले असतात, आणि मनात आलं म्हणून एकाला दुसऱ्याचे अधिकार काढून घेता येत नाहीत. वाद झाला तर निवाडा न्यायालय करतं. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडला स्वतःची संसद आहे, पण ती ब्रिटिश संसदेच्याच कायद्याने मिळालेली आहे. म्हणून ब्रिटनला संघराज्य म्हणत नाहीत. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, स्वित्झर्लंड ही संघराज्यं.

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पगाराची स्लिप काढून बघा. प्राप्तिकर केंद्राच्या कायद्याने कापला जातो. त्याच स्लिपवर बहुतेकांचे व्यवसाय कराचे 200 रुपये गेलेले दिसतील, फेब्रुवारीत 300. हा कर राज्याचा. वर्षाचे 2,500 होतात आणि तिथेच थांबतात, कारण त्याहून जास्त व्यवसाय कर लावायला कलम 276 ने मनाई केली आहे.

2. कोणतं काम केंद्राचं आणि कोणतं राज्याचं, हे ओळखायचं कसं?

घटनेच्या सातव्या परिशिष्टात तीन सूच्या आहेत. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन हे विषय केंद्राचे. पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य, जमीन हे राज्याचे. समवर्ती सूचीतल्या विषयांवर दोघांनाही कायदा करता येतो. कुठल्याच सूचीत न बसणारे विषय केंद्राकडे जातात. अमेरिकेत ते राज्यांकडे जातात, हा एक मोठा फरक.

कागदावर हे सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात एकाच मालावर दोन्ही सरकारांची सत्ता चालते. लासलगावचा कांदाच घ्या. शेतकरी ट्रॅक्टर भरून ज्या बाजार समितीत येतो, ती राज्याच्या कायद्याने चालते. शेती राज्याचा विषय आहे. पण परदेशी व्यापार केंद्राचा. 8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांदा निर्यातबंदी केली आणि लिलावातले भाव कोसळले. बंदी उठली ती 4 मे 2024 ला, तीही किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के निर्यात शुल्क लावून. त्या पाच महिन्यांत शेतकऱ्याने मोर्चा काढायचा तो कुणाच्या दारात? जिल्हाधिकारी निवेदन घेतो, पालकमंत्री दिल्लीशी बोलतो म्हणतात, आणि निर्णय घेणाऱ्या खात्याचं कार्यालय नाशिकपासून हजार किलोमीटरहून दूर असतं.

3. संघराज्याचा सगळ्यात मोठा फायदा कोणता?

पुस्तकं विविधतेचं नाव घेतात, आणि ते खरंच आहे (प्रश्न 4 पाहा). माझ्या मते त्याहून मोठा फायदा असा की एका राज्याला नवं काही करून बघता येतं. ते फसलं तर नुकसान एका राज्यापुरतं राहतं. जमलं तर सगळा देश ते उचलतो.

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती राज्यभर आली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, तेही हक्काने. प्रश्न 1 मध्ये ज्या व्यवसाय कराचा उल्लेख आहे, तो 1975 मध्ये याच योजनेला पैसा हवा म्हणून सुरू झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून गावाकडच्या पाझर तलावाची मजुरी दिली गेली, याचा मला आजही अभिमान वाटतो. देशाला रोजगार हमीचा कायदा मिळाला 2005 मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन दशकांनी.

माहितीच्या अधिकाराचंही तसंच. तामिळनाडू आणि गोव्याने 1997 मध्ये कायदे केले, महाराष्ट्राने 2002 मध्ये आधीपेक्षा भक्कम कायदा केला, केंद्राचा आला 2005 मध्ये. शाळेतलं मध्यान्ह भोजन तामिळनाडूने मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवलं, आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश सगळ्याच राज्यांना दिला. सगळे निर्णय एकाच ठिकाणाहून होत असते, तर यातल्या एकाही प्रयोगाला सुरुवातीला कुणी मंजुरी दिली असती असं वाटत नाही.

4. भाषावार राज्यांमुळे देश फुटेल अशी भीती होती. ती खरी ठरली का?

नाही. 1956 ची राज्यपुनर्रचना, 1 मे 1960 ला झालेले महाराष्ट्र आणि गुजरात, हे सगळं होऊन देश एकसंध राहिला. आपल्या भाषेत कारभार, शाळा आणि विधानसभा मिळाली की वेगळं होण्याची गरजच कमी होते. छोट्या प्रदेशालाही याचा आधार मिळतो. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला आणि 30 मे 1987 ला गोवा स्वतंत्र राज्य झालं. तेव्हा अनेक मराठी मनांना तो निकाल लागला होता. तरीही दोन खासदारांच्या गोव्याला आज स्वतःची विधानसभा आहे आणि राजभाषा कोकणीच्या जोडीला मराठीलाही कारभारात जागा आहे, हे विलीनीकरणात कितपत साधलं असतं हा प्रश्नच आहे.

5. आणि सगळ्यात मोठा तोटा?

जबाबदारी निसटते. अधिकार एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे, आणि जाब विचारायला गेलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. लासलगावच्या कांद्यात तेच दिसतं (प्रश्न 2 पाहा). सरकारी योजनांमध्ये तर हे रोजचं आहे: निधीचा काही हिस्सा केंद्राचा, काही राज्याचा, श्रेय दोघांना हवं आणि हप्ता रखडला की दोष समोरच्याचा.

दुसरा तोटा विषमतेचा. एका राज्यात जन्मलेल्या मुलाला चांगली शाळा आणि दवाखाना मिळतो, शेजारच्या राज्यातल्या मुलाला मिळत नाही. याच्यावर उतारा म्हणून पैशाची वाटणी केली जाते, ती प्रश्न 7 मध्ये. तिसरा तोटा दिरंगाईचा, आणि तो सगळ्यात जास्त दिसतो पाण्यात (प्रश्न 6 पाहा).

6. दोन राज्यांमधला पाणीतंटा पन्नास-पन्नास वर्षं का मिटत नाही?

कारण नदी कुठल्याच सूचीप्रमाणे वाहत नाही. पाणी हा मुख्यतः राज्याचा विषय आहे, पण कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा प्रवास करते. अशा तंट्यांसाठी कलम 262 आणि 1956 चा कायदा आहे. त्याखाली लवाद नेमला जातो.

कृष्णेचा पहिला लवाद न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली 1969 मध्ये नेमला गेला. त्याने महाराष्ट्राला 560 टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकला 700 आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला 800 टीएमसी पाणी दिलं. दुसरा लवाद 2004 मध्ये आला. त्याने 2010 मध्ये निवाडा दिला, अलमट्टी धरणात 524.256 मीटरपर्यंत पाणी साठवायला कर्नाटकला परवानगी दिली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलं. दरम्यान आंध्रचं विभाजन झालं, तेलंगणने वाटणीच नव्याने मागितली.

सांगली-कोल्हापुरात पावसाळ्यात याचा अर्थ कळतो. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी वाढायला लागली की लोक कोयनेच्या विसर्गाबरोबर अलमट्टीच्या विसर्गाचे आकडेही विचारतात. कोयना आपली, अलमट्टी कर्नाटकची. एका नदीच्या पुराचं नियोजन दोन राज्यांच्या जलसंपदा खात्यांमधल्या फोनवर चालतं. 2019 च्या महापुरानंतर हा समन्वय वाढला, पण तो अजूनही त्या त्या वेळच्या सौहार्दावर अवलंबून आहे.

म्हादई नदीच्या तंट्यात महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक असे तिघे आहेत. लवाद 2010 चा, निवाडा ऑगस्ट 2018 चा: कर्नाटकला 13.42 टीएमसी, महाराष्ट्राला 1.33. तिन्ही राज्यं पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. मला विचाराल तर लवाद हा मार्गच चुकीचा आहे असं नाही. पण निवाड्याची मुदत वाढतच जाते आणि तो राबवायला सगळीकडे कायमची यंत्रणा नाही, हे मोठं वैगुण्य आहे.

7. महाराष्ट्र एवढा कर भरतो, मग परत इतकं कमी का मिळतं?

हा प्रश्न रागाने विचारला जातो. आधी हिशोब पाहू. केंद्राच्या वाटपयोग्य करांपैकी किती हिस्सा राज्यांना द्यायचा, हे वित्त आयोग सुचवतो. पंधराव्या आयोगाने 2021-26 या काळासाठी 41 टक्के सुचवले. त्या 41 टक्क्यांत महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के होता, उत्तर प्रदेशाचा 17.939, बिहारचा 10.058 आणि गोव्याचा 0.386. सूत्रात सर्वाधिक, म्हणजे 45 टक्के वजन दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला होतं: राज्य जितकं गरीब, तितका वाटा मोठा.

यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. मुंबईत भरलेला कर मुंबईतच निर्माण झालेला नसतो. कंपन्यांची मुख्यालयं इथे, कारखाने आणि गिऱ्हाईक देशभर. आणि गडचिरोलीला मुंबईच्या कराचा वाटा द्यायचा असेल, तर तोच न्याय बिहारलाही लागू होतो.

खरी तक्रार वेगळ्या जागी हवी. केंद्र जे उपकर आणि अधिभार लावतं ते वाटपाच्या हंड्यात येतच नाहीत. पेट्रोल-डिझेलवरच्या केंद्रीय करातला मोठा भाग याच नावाखाली गोळा होतो. म्हणजे कागदावर 41 टक्के आणि एकूण वसुलीच्या मानाने त्याहून कमी. यावर गरीब आणि श्रीमंत राज्यांनी एकत्र बोलायला हवं, कारण नुकसान दोघांचंही होतं.

8. जीएसटीमुळे राज्यं कमकुवत झाली का?

कर ठरवण्याच्या बाबतीत, हो. 1 जुलै 2017 पासून राज्यांनी आपले बरेच कर सोडले आणि निर्णय जीएसटी परिषदेत जाऊ लागले. तिथे केंद्राच्या मताला एकतृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोनतृतीयांश, आणि ठरावाला तीनचतुर्थांश बहुमत लागतं. सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही. केंद्रालाही साठ टक्क्यांहून अधिक राज्यांची साथ लागते. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत असं सांगितलं, पण व्यवहारात त्यापासून फारकत घेणं राज्याला परवडत नाही.

दुसऱ्या बाजूला, नाक्यानाक्यावर तासन्‌तास उभे राहणारे ट्रक मोकळे झाले, हा फायदा छोटा नाही. पेट्रोल, डिझेल आणि मद्य मात्र जीएसटीबाहेर आहेत, त्यांच्यावर प्रत्येक राज्य आपला वेगळा कर लावतं. म्हणूनच सिंधुदुर्गातून गोव्यात जाणारा गाडीवाला टाकी सीमेवरचं पत्रादेवी ओलांडल्यावर भरतो, आणि परतताना बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याची माणसं डिकी उघडायला लावतात. राज्यांचं स्वतःचं कर-स्वातंत्र्य ठळकपणे उरलंय ते या दोन-तीन वस्तूंपुरतं.

9. राज्यपाल आणि राष्ट्रपती राजवट हे संघराज्यात बसतं का?

अवघडून बसतं. कलम 356 आजवर शंभराहून अधिक वेळा वापरलं गेलं. 1959 मध्ये केरळचं बहुमतातलं सरकार बरखास्त झालं तेव्हापासून त्यावर टीका आहे. 1994 च्या बोम्मई निकालाने बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात मोजायचं असं ठरवलं आणि गैरवापर खूप कमी झाला. महाराष्ट्रात ही राजवट 1980, 2014 आणि 2019 मध्ये आली.

आता वाद राज्यपालांच्या विलंबावर आहे. महाराष्ट्रात मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2020 मध्ये पाठवलेली विधान परिषदेच्या 12 सदस्यांची यादी जून 2022 मध्ये सरकार जाईपर्यंत तशीच पडून राहिली. विधेयकांच्या बाबतीत एप्रिल 2025 मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिली. नोव्हेंबर 2025 मध्ये घटनापीठाने राष्ट्रपतींना दिलेल्या मतात अशी मुदत न्यायालय घालू शकत नाही असं म्हटलं, मात्र अनिश्चित काळ विधेयक रोखणंही मान्य केलं नाही. निवडून आलेल्या विधानसभेचं काम नेमलेल्या व्यक्तीच्या टेबलावर अडावं, हे मला कुठल्याच पक्षाच्या काळात पटलेलं नाही.

10. केंद्राचा कायदा असताना राज्य वेगळा कायदा करू शकतं का?

समवर्ती विषयात विरोध आला तर केंद्राचा कायदा वरचढ. पण राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो (कलम 254). बैलगाडा शर्यती याच वाटेने परत आल्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा केंद्राचा. त्याच्या आधारे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राने 2017 मध्ये त्यात दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती घेतली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने ती वैध ठरवली. जुन्नर, खेड, आंबेगावच्या शर्यतींच्या घाटांत त्या दिवशी भंडारा उधळला गेला, त्यामागे हे एक कलम होतं.

11. राज्याला न विचारता त्याचे तुकडे करता येतात?

विचारावं लागतं, ऐकावं लागत नाही. कलम 3 नुसार संसद साध्या बहुमताने नवं राज्य करू शकते. जानेवारी 2014 मध्ये आंध्रच्या विधानसभेने विभाजनाचं विधेयक फेटाळलं. तरी 2 जून 2014 ला तेलंगण झालं. वेगळ्या विदर्भाबाबतही निर्णय कायद्याने संसदेचाच आहे. जम्मू-काश्मीरचे 2019 मध्ये दोन केंद्रशासित प्रदेश झाले तेव्हा तिथे विधानसभाच नव्हती. भारतीय संघराज्यातली ही सगळ्यात कच्ची बाजू आहे. बेळगावचं काय, असं बरेच जण पुढे विचारतात: महाराष्ट्राचा दावा 2004 पासून कलम 131 खाली सर्वोच्च न्यायालयात आहे, कारण संसदेत तो सोडवण्याची इच्छा कुठल्याच सरकारने दाखवली नाही.

12. राज्यसभा राज्यांची बाजू मांडते का?

फारशी नाही. अमेरिकेच्या सिनेटमध्ये लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला दोन जागा आहेत. आपल्याकडे उत्तर प्रदेशाला 31, महाराष्ट्राला 19, गोव्याला 1. शिवाय 2003 पासून उमेदवार त्या राज्याचा मतदार असण्याची अट गेली. खासदार पक्षाच्या आदेशाने मत देतो, राज्याच्या नाही.

13. घटनादुरुस्ती करून राज्यांचे अधिकार कमी करता येतात?

येतात, आणि केले गेलेत. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने शिक्षण आणि वनं यांच्यासह पाच विषय समवर्ती सूचीत गेले. अशा दुरुस्तीला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते. ती न घेतल्यामुळेच सहकारावरच्या 97 व्या दुरुस्तीचा राज्यांतर्गत संस्थांना लागू होणारा भाग जुलै 2021 मध्ये रद्द झाला. गावोगावी सोसायट्या आणि साखर कारखाने असलेल्या महाराष्ट्रासाठी तो फार मोठा निकाल होता. मराठा आरक्षणातही हाच प्रश्न आला: 102 व्या दुरुस्तीने मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार गेला असं मे 2021 मध्ये न्यायालयाने म्हटलं, आणि तीन महिन्यांत 105 व्या दुरुस्तीने तो परत द्यावा लागला.

14. सीबीआयला राज्य रोखू शकतं का?

हो, पोलीस हा राज्याचा विषय असल्याने संमती लागते. महाराष्ट्राने सर्वसाधारण संमती ऑक्टोबर 2020 मध्ये काढून घेतली, ऑक्टोबर 2022 मध्ये परत दिली. न्यायालयाने तपास सोपवला तर संमती लागत नाही. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर 2008 मध्ये झालेल्या एनआयएला (राष्ट्रीय तपास यंत्रणेला) तर ती लागतच नाही.

15. राज्यं दिल्लीकडे अधिकार मागतात, मग आपल्या महापालिकांना ते का देत नाहीत?

संघराज्याची बाजू घेणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाला सामोरं जावं असं मला मनापासून वाटतं. 73 व्या आणि 74 व्या दुरुस्तीने 1993 पासून पंचायती आणि नगरपालिकांना घटनात्मक दर्जा मिळाला. पंचायतींसाठी 29 विषयांची यादी दिली, शहरांसाठी 18. पण त्यातलं काय आणि किती द्यायचं हे राज्याच्या हातात ठेवलं. महापालिका आयुक्त राज्य सरकार नेमतं, विकास आराखड्याला अंतिम मंजुरी मंत्रालयातून येते. 2017 मध्ये जकात गेली तेव्हापासून मुंबई महापालिका त्या पैशासाठी राज्याच्या भरपाईवर अवलंबून आहे. राज्य जीएसटीच्या भरपाईसाठी केंद्राकडे जसं डोळे लावून बसायचं, तसंच.

आणि निवडणुका. कलम 243-यू सांगतं की मुदत संपण्याआधी नवी महापालिका निवडून यायला हवी. मुंबईची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, कोल्हापूरची तर नोव्हेंबर 2020 मध्ये. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात मतदान लांबत गेलं आणि ते झालं 15 जानेवारी 2026 ला, तेही सर्वोच्च न्यायालयाने फटकारल्यावर. तोवर राज्यातल्या मोठ्या शहरांचे अर्थसंकल्प प्रशासकांनी मांडले आणि प्रशासकांनीच मंजूर केले. नळाला पाणी का येत नाही हे विचारायला लोकांकडे नगरसेवकच नव्हता, आणि यात केंद्राचा काडीचाही संबंध नव्हता.